एक तास पन्नास मिनिटं

१२ मार्च, दुपार

ती. दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण त्याहून जास्त मीच कुरकुरतो असं तिचं म्हणणं. ऑफिसात तेच, दिवसभर काउंटरवर बसून लोकांना विमानाची तिकिटं काढून द्यायची. काल एक निवृत्त मास्तर तासभर बसले. अंतर किती, वेळ किती, वारा उलटा असला तर किती! शेवटी म्हणाले, "नको, मी आपला रेल्वेनंच जातो."

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. दोन ओळी झाल्या की उठतो, पाणी पितो, गॅलरीत जाऊन येतो. ही विचारते, "पायाला भिंगरी लागलीय का?"

रविवारी तुझ्या लेकीचा, छकुलीचा फोन आला होता. शाळेत नकाशाचा अभ्यास दिलाय म्हणाली. "काका, तुमच्या-आमच्या शहरांत अंतर किती?" मी कुठेही न बघता सांगितलं, "अकराशे चाळीस किलोमीटर. विमानानं एक तास पन्नास मिनिटं."

तिनं आकडे पुटपुटत लिहून घेतले. मग म्हणाली, "एवढंच? मग आजी आजारी होती तेव्हा तू का नाही आलास?"

"सीट नव्हती गं," मी म्हणालो. तुला सांगितलं होतं तेच. तेव्हा तू फोनवर फक्त "बरं" म्हणालास. चार वर्षं झाली, त्या 'बरं'च्या पुढे आपलं बोलणं गेलेलं नाही.

दादा, सीट होती. मी तिकीटही काढलं होतं. सकाळीच विमानतळावर गेलो, तपासणी झाली, गेटपाशी जाऊन बसलो. तेवढ्यात तू फोन करून आईच्या कानाला लावलास. आवाज अगदी खोल गेला होता. म्हणाली, "तुझ्यासाठीच जीव धरून ठेवलाय रे. तू आलास की मी सुटले."

माझं डोकंच फिरलं. वाटलं, मी गेलोच नाही तर ती थांबेल. माझं नाव तीनदा पुकारलं. गणवेशातली मुलगी जवळ येऊन म्हणाली, "तुम्हीच ना ते? चला, दार बंद होतंय."

"मी नव्हे," मी म्हणालो. विमान काचेसमोरून मागे सरकलं आणि मला चक्क हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू कळवलंस, आज जरा बरी आहे, दोन घोट दूध घेतलं. मी मनाशी म्हटलं, बघ, जमलं! तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू पाणी दिलंस आणि आतल्या खोलीत निघून गेलास.

ते तीन दिवस, दारात चाहूल लागली की आई मान वळवून बघायची म्हणे. वहिनी हिला म्हणाल्या होत्या. हिनं मला सांगितलं ते गेल्या वर्षी. तेव्हापासून काउंटरवर कुणी "आई सिरियस आहे" म्हणालं की माझी बोटं चालत नाहीत. ते तिकीट शेजारचा काढतो.

मला भित्रा म्हण, मूर्ख म्हण. सीट नव्हती असं मात्र कुणाला सांगू नकोस. छकुलीला खरं काय ते मी समोर बसून सांगणार आहे.

येत्या रविवारी सकाळच्या विमानानं येतोय. न्यायला येऊ नकोस. दार तेवढं तू उघड, वहिनींना पाठवू नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर उंबऱ्यातच दे. आत घ्यावंसं वाटलं नाही, तर जिन्यात बसून राहीन. माघारी जाणार नाही.

तुझा,
धाकटा