पाव्ला आजींची हुकलेली भेट

नोव्हा गोरित्सा

रोकदादास,

आईला आधी सांग, सूप रोज गरम मिळतं आणि खोकला गेलाय. बराचसा.

काम मजेचं आहे. पूर्वी उन्हाळ्यात पलीकडे इटलीत घड्याळं तासभर पुढे करायचे, आपल्याकडे नाही. तेव्हा सरहद्दीवर लोकांचं कसं चालायचं, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यायचं. निम्मा वेळ मी त्यांच्या चेरी खातो, पण ते सरांना ठाऊक नाही.

आई लिहिते, तू अलेंकाला मोटारसायकलवरून घरी सोडतोस. रोज? तिचं घर तर हाकेच्या अंतरावर आहे!

काल पाव्ला आजी भेटल्या. तरुणपणी पलीकडच्या ब्रूनोने त्यांना नाक्याजवळ आठ वाजता बोलावलं होतं. कुणाचे आठ, ते विचारायचं राहिलं. आजी प्रेमाने त्याच्या घड्याळाप्रमाणे गेल्या, आणि तो प्रेमाने आजींच्या घड्याळाप्रमाणे. वाट बघून आजी रागाने घरी परतल्या, मग तो पोचला. तेवढ्यात आजींची बहीण वीदा तिथून सायकलवर चालली होती.

"मग?"

"मग काय पोरा! अजून तिच्याच हातचं खातोय. बयेला धड मक्याचा पोलेंटा ढवळता येत नाही!"

"आजी, तुम्ही निरोप का नाही धाडलात?"

"रुसले होते. वाटलं, त्याचं त्याला कळेल."

दादा, अलेंकाला मीही अजून काही विचारलेलं नाही. वाटत होतं, तिचं तिला कळेल.

शनिवारच्या गाडीने येतोय. तिला सांग. नको, तू राहू दे, आईलाच सांगायला सांग.

तुझा धाकटा,
टिलेन