एकेचाळीस अंगठे

बाबा,

पाया पडते. आपल्या राष्ट्रीय विद्यापीठाचा चाळीस वर्षांचा इतिहास छापायला निघालाय आणि शेवटची तपासणी माझ्याकडे आहे. पहिल्याच पानावर वाक्य आहे, ‘ग्रामस्थांनी जमिनी स्वखुशीने दिल्या.’ पुरावा बघितल्याशिवाय माझा हात सहीला धजत नाही, म्हणून मूळ संमतिपत्रं काढली.

एकेचाळीस नावं, एकेचाळीस अंगठे आणि प्रत्येक ठशावर तीच तिरकी चीर. विळ्यानं कापलेला तुमचा अंगठा धरूनच मी चालायला शिकले, बाबा.

संमतिपत्रांवर तारीख आहे त्याच महिन्यात तुम्ही इथे विद्यापीठात शिपाई म्हणून लागलात. त्या पगारावर मी शिकले, घरातली पहिली.

संपादक सर दारात येऊन उभे राहिले. “अहो बाई, एका शब्दाला किती चिकटून बसाल? छापखाना खोळंबलाय.”

“सर, संमतिपत्रं खोटी आहेत.”

“मग खरं काय ते तुम्ही सांगणार?”

मी ‘स्वखुशीने’ खोडलं आणि समासात लिहिलं, ‘सर्व ठसे एकाच माणसाचे.’ कोणाचे, ते लिहिलं नाही. परवा विद्यापीठाची इतिहास समिती तेच विचारेल आणि मला खोटं बोलणं जमत नाही.

त्याआधी तुमच्याकडून ऐकायचं होतं, तुम्हाला कुणी धमकावलं होतं का. पण हे पत्र टाकू कसं? ते तुम्हाला वाचून दाखवणार शेजारचे काका. यादीत तेरावं नाव त्यांचं आहे. आपल्या ओट्यावर बसून ते अजून विचारतात, “माझा अंगठा कुणी दिला रे?” आणि तुम्ही त्यांच्यापुढे चहा ठेवता.

तुमची,
थोरली