पिंपळावरचं जाळं आणि न तापणारं वटवाघूळ

मु. सिहोरा
(तारीख कामिनी टाकेल, मले कॅलेंडरातले आकडे दिसत नाही)

लहान बहीण आनंदाबाईले मोठ्या बहिणीचा, म्हणजे या बेबीबाईचा, आशीर्वाद. अर्धाच देऊन राहिली. अर्धा तू येऊन घ्यायचा होता, तो पाच वर्षांपासून पडून आहे. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दुखतात, तर तुझेही दुखत असतील, एकाच मायच्या पोटची हाडं आहेत. तुझ्या नवऱ्याची, आमच्या जवायाची, तब्येत चांगलीच असेल. ज्या माणसाले कोणत्याच कामाची सवय नाही, त्याची तब्येत कायले बिघडते. इकडे जे मरायचे होते ते मेले, बाकीचे दोन टाइम जेवून राहिले. फोन करत नाही, कारण मी दोन शब्द बोलली का तू कापतेस. चिठ्ठी कापता येत नाही. फाडशील, पण वाचून फाडशील, तुले मी ओळखते. (माझी शाळा चौथीत संपली. चुका कामिनीनं, माझ्या नातीनं, दुरुस्त केल्या. ती शिव्याही दुरुस्त करून राहिली होती, त्या मी तशाच ठेवल्या.)

तर तलावाच्या पारीवरचा पिंपळ तुले आठवते. त्याच्यावर तीनचारशे वटवाघळं आपल्या लहानपणापासून उलटी टांगून आहेत. उंबरं-जांभळं सोडून कोणाच्या बापाचं काही खाल्लं नाही त्यायनं. या वर्षी कोणाच्या तरी मोबाइलात आलं का वटवाघळाच्या अंगात विषाणू राहतात, अन् गावाले घाम फुटला. (ज्या गावात नाली तीन वर्षांत उपसली नाही, त्या गावाले.) तेव्हा आमचा दीर कवडू उठला. याले एका दिवशी दोन मासे सापडले तर तिसऱ्या दिवसापर्यंत सांगत फिरते. म्हणे आपण ढिवर आहोत, पाण्यातलं पकडतो तर झाडावरचं काहून नाही. दुपारी ते झोपून असतात, वरून जाळं फेकायचं, खालून आवळायचं अन् पोत्यात झटकायचं. मले म्हणे, वहिनी, तुलारामभाऊचं मोठं जाळं द्या, तुमच्या गुडघ्याले वटवाघळाचं तेल काढून देतो. खोटं कायले बोलू, मी दिलं. आमच्या यायनं, जिते होते तेव्हा, तीन पावसाळे बसून विणलेलं जाळं मी तेलाच्या आशेनं दिलं. म्हातारपणी अक्कल येते म्हणणाऱ्याले एकदा माझ्याकडे पाठव.

पाण्यात जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या तळाशी जातात. पिंपळात त्या फांद्यांत जातात, हे साऱ्या ढिवर मोहल्ल्याले त्या दिवशी समजलं. जाळं शेंड्यावर अडकलं, ते सोडवाले कवडू चढला, अन् तीनशे वटवाघळं एकदम उठली. घाबरली तेव्हा जे करायचं ते त्यायनं केलं, अन् खाली सारी पंचकमिटी तोंड वर करून उभी होती. कवडूचं धोतर फांदीले अन् कवडू धोतराले, असा तो तासभर वटवाघळासारखाच टांगला. त्यातल्या एकानं त्याचा कान चावला. उतरवलं तेव्हा तो त्याच्या मायच्या नावानं रडून राहिला होता. ती मरून वीस वर्षं झाली. जिती होती तेव्हा तिले पाणी नाही विचारलं यानं.

तेव्हा आमच्या पडवीत रेणू नावाची पोरगी राहून होती. मोठ्या कॉलेजातून आली होती, वटवाघळाच्या थुंकीचा अभ्यास करते. (मायबापानं याच्यासाठी शिकवलं.) तिनं कवडूचा कान पंधरा मिनिटं साबणानं धुतला अन् त्याले पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर देतात त्या सुया घ्यायले दवाखान्यात हाकललं. मग हातमोजे घालून झाडावर शिडी लावली. जाळ्यात चौदा वटवाघळं गुतली होती. तीन पावसाळ्याचं विणकाम तिनं कैचीनं अर्ध्या तासात कापलं.

मी खालून भांडली. म्हटलं, ज्यायच्या रोगानं लॉकडाऊनात माझा माणूस खाल्ला, त्यायच्यासाठी त्याचंच जाळं कापतेस का वो? ती उतरली, हात धुतले अन् माझ्याजवळ बसली. म्हणे, आजी, तो रोग माणसात कसा आला हे अजून पुरतं कोणालेच ठाऊक नाही. पण वटवाघूळ विषाणू अंगात घेऊन जगते हे खरं. त्याच्या अंगातले पहारेकरी सदा जागे राहतात, विषाणूले जास्त वाढू देत नाहीत, पण बोंबा मारत नाहीत. उडताना त्याचं अंग इतकं तापते का दर बारीक गोष्टीवर चिडलं तर ते उडूच शकणार नाही, म्हणून चिडणं कमी करून घेतलं असेल, असा अंदाज आहे. माणसाचे पहारेकरी कधी कधी उशिरा उठतात अन् मग चोराच्या मागं सारं घर पेटवतात. अन् उपाशी, घाबरलेल्या वटवाघळातूनच विषाणू जास्त बाहेर पडतात, म्हणून त्यायले राहू द्या.

तेव्हा मले ते आठवलं. सातव्या दिवशी यायचा ताप उतरला होता, चहा मागितला होता. आठव्या दिवशी दम लागला. डॉक्टर म्हणे रोग कमी झाला, आता त्यायचं अंगच त्यायच्याशी लढून राहिलं. मले वाटलं डॉक्टर पिऊन आहे. पाच वर्षांनी एका थुंकी गोळा करणाऱ्या पोरीनं समजावलं का तो खरं बोलत होता. (कवडूले त्या दिवसापासून तीन दिवस ताप. तपासलं, काहीच नाही निघालं. चोर नसतानाच घर पेटवणारी जात आहे ही.)

यायच्या तेरवीले तू आली नाहीस. वेशीवर तांदळाचं पोतं ठेवून परत फिरली, पदर तोंडाले लावून. ते तांदूळ मी तलावात टाकले. मासे जाड झाले, मी नाही. अन् दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तुझ्या साऱ्या एकोडी गावासमोर तुले वटवाघूळ म्हटलं, त्याची माफी मागायले ही चिठ्ठी नाही. तो शब्द मी परत घेते, कारण तेवढी लायकी तुझ्यात नाही. वटवाघूळ रोग पोटात ठेवून साऱ्यांच्या अंगाले अंग लावून झोपते. तू धडधाकट असून वेशीवरून पळाली. माझ्यातही ती लायकी नाही, मले पाच वर्षांपासून तोच घर पेटवणारा ताप आहे.

बाकी बरं आहे. जवायाले रामराम सांग, ते उठले असतील तर.

बेबीबाई

ता. क. येत्या पंधरा दिवसांत तलाव निघते, सारे मिळून मासे काढतात. ज्याचं जाळं त्याचा वाटा, अन् माझ्याजवळ आता कापलेल्या दोऱ्या आहेत. यायनं जवायाले शिकायले दुसरं जाळं दिलं होतं. जवाई शिकले नाहीत, अन् तू ते वालाच्या वेलावर टाकलं असं ऐकलं. वाल तोडून जाळं पाठव.

आणखी ता. क. कोणाच्या हातून पाठवू नको, लोक गाठी बिघडवतात. तूच घेऊन ये. वेशीवर ठेवलं तर तेही तलावात टाकीन.

शेवटचं ता. क. येताना तांदूळ आणू नको.