बाबांच्या ट्रॅक्टरचे अकरा परके भाग

वॉराकी रोड,
बुधवार, ईस्टरला अठरा दिवस

ती. वर्नाताईस,

धाकट्या लेस्टरचा नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा नवा खुबा यांना समुद्राची हवा मानवली असेल अशी आशा आहे. इकडे तुझ्या भावजयीचा, नोरीनचा, खोकला गेला, माझी झोप गेली. फोन करायचा सोडून एवढा कागद का खर्च करतोय, असं वाटेल तुला. पण तू फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत बटाटे सोलतेस आणि पलीकडच्या खुर्चीत दाजी शब्दन् शब्द ऐकतात. हे पत्र अल्विन दाजींना वाचून दाखवू नकोस. कृपा करून त्यांच्या हातीही लागू देऊ नकोस. कारण पुढे येईलच, आणि ते वाचून तुला वाईट वाटेल, म्हणून आधी बसून घे.

तुला ठाऊकच आहे की आपल्या जुन्या ट्रॅक्टर मंडळाचा ईस्टरचा मेळावा यंदा पन्नासावा. पहिल्या मेळाव्यात मिरवणुकीच्या पुढे आपले बाबा होते, आपल्या ब्रॅडवेल ट्रॅक्टरवर, चर्चचा सूट घालून. शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, 'लेस्टर, पन्नासाव्याला ब्रॅडवेल पुढे असू दे.' (शेताबद्दल काही सांगितलं नाही, आईबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच. फक्त ब्रॅडवेल.) मी हो म्हटलं. यात अवघड काय होतं? जिल्ह्यात सगळ्यांत जुना ट्रॅक्टर आपला, एकोणीसशे एकोणचाळीसचा. त्याच्या मागचा डडली फिंचचा, एक्केचाळीसचा, तोही इतका रंगवलेला की ट्रॅक्टर आहे की ख्रिसमसचं खेळणं ते कळत नाही. पण यंदा मंडळाने नवा नियम काढला. पुढे चालायचं तर नुसता जुना असून भागत नाही, अस्सल हवा. चोवीस मुख्य भागांपैकी सोळा तरी मूळचे हवेत. नियम कुणी सुचवला? डडली फिंचने. आता मला सांग, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

डडलीचं वागणं आधीपासूनच ठीक नव्हतं. महिन्याभरात दोनदा तो माझ्या शेडपाशी 'कुत्रा शोधत' आला. त्याचा कुत्रा चौदा वर्षांचा आहे आणि अंगणाच्या फाटकापर्यंतही चालत नाही. 'काय लेस्टर, म्हातारीला न्हाऊ घातलंस का?' असं विचारून ब्रॅडवेलच्या भोवती एक चक्कर मारून गेला. त्यात आणखी आपली किटी. (माझी नात गं. तेविसाची झाली, हल्ली शेत तीच बघते आणि मला सल्ला विचारल्यासारखं करते.) मेंढ्यांच्या पाण्याचा पंप या महिन्यात तीनदा बिघडला आणि तिन्ही वेळा दुरुस्तीला तिने तो फिंचांकडेच नेला. डडलीच्या नातवाने, रोरीने, तिथे वर्कशॉप काढलंय म्हणे. गावात दुसरा मेकॅनिक नाही का? आहे, चांगला आहे, शिवाय जवळ आहे. पंप नेण्याच्या निमित्ताने ही पोर आपल्या शेडमधल्या बातम्या तिकडे पोचवते, असा माझा दाट संशय. नोरीनला म्हटलं तर ती म्हणाली, 'तुम्ही पोस्टमनवरही संशय घेता.' घेतो. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी.

तर गेल्या शनिवारी तपासणी झाली. तपासायला मंडळाकडून कोरली डथी बाई आल्या. हातात जुना टूथब्रश, रॉकेलची बाटली, भिंग आणि दोन खडू, पांढरा आणि लाल. पांढरा म्हणजे मूळचा भाग, लाल म्हणजे परका. नोरीनने चॉकलेट-खोबऱ्याचे लॅमिंग्टन केक केले होते, बाईंनी हात लावला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपल्या भागात लॅमिंग्टन नाकारणारं माणूस एक तर आजारी असतं, नाहीतर दुसरीकडे खाऊन आलेलं असतं.

बाईंची पद्धत मात्र पक्की. ब्रॅडवेलच्या ओतीव लोखंडाच्या प्रत्येक भागावर कारखान्याने बोटाच्या पेराएवढी खूण ओतलेली असते. महिना, दिवस आणि वर्षाचं एक अक्षर. ऐंशीहून जास्त वर्षांचं ग्रीस आणि चार वेळचा रंग यांच्याखाली ती लपलेली असते. बाई टूथब्रशने घासायच्या, भिंग लावायच्या आणि 'हं' म्हणायच्या. बाबांचा ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तो एकोणचाळीसच्या मार्चमध्ये. म्हणजे त्यावरचा भाग त्याच्या आधी ओतलेला हवा. इंजिन पांढरं. मागची चाकं पांढरी. माझी छाती फुगली. मग गिअरबॉक्सचं झाकण: 'हं.' लाल. रेडिएटरची वरची टाकी: 'हं.' लाल. पंख्याची कप्पी, लाल. मी म्हटलं, 'बाई, भिंग पुसून बघा.' त्या म्हणाल्या, 'भिंग स्वच्छ आहे, मिस्टर नोस्के. झाकण सेहेचाळीसचं आहे. एकोणचाळीसच्या गाडीला सेहेचाळीसचं झाकण कसं आलं ते तुम्हीच आठवा.' शेवटी तेरा पांढरे, अकरा लाल. तिनांनी कमी पडलो! ताई, गोवर उठलेल्या पोराकडे बघावं तसा मी ट्रॅक्टरकडे बघत राहिलो. खरं सांगतो, रडू आलं. बाबांना दिलेला शब्द डोळ्यांदेखत लाल होत होता. बाईंनी जाताना एवढंच सांगितलं की ईस्टरच्या आधीच्या सोमवारपर्यंत तीन मूळचे भाग बसवून दाखवले तर त्या पुन्हा तपासतील. (आणि दोन लॅमिंग्टन रुमालात बांधून घेऊन गेल्या. म्हणजे त्या बाबतीत माझा संशय चुकला हे मान्य.)

आता अकराच्या अकरा परके भाग सेहेचाळीसचे. पंचक्रोशीत सेहेचाळीसचा ब्रॅडवेल एकच आणि तो कुणाचा हे तुला मी सांगायला नको. तुमच्या शेडची किल्ली तू उंदरांवर लक्ष ठेवायला माझ्याकडे दिली आहेस. रविवारी चर्चनंतर मी उंदीर बघायला गेलो. सोबत टूथब्रश, रॉकेल आणि भिंग होतं. दाजींच्या ट्रॅक्टरवर, ताई, बाबांचे अकराच्या अकरा भाग बसवलेले आहेत! खुणा मी स्वतः वाचल्या, सगळ्या अडतीस-एकोणचाळीसच्या.

तू म्हणशील, त्यात काय, सुगीच्या दिवसांत शेजाऱ्याचा भाग मोडला तर आपला धड भाग काढून द्यायचा आणि मोडका सवडीने जोडून आपल्याला लावायचा, ही इथली रीतच आहे. मान्य. मी स्वतः तीन शेजाऱ्यांना असे भाग दिलेत. पण मोडका भाग जोडला तर वेल्डिंगचा व्रण राहतो. मी भिंगाने पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. अकरांपैकी एकावरही व्रण नाही, तडा नाही, साधा ओरखडाही नाही. म्हणजे धडधाकट भाग 'मोडले' म्हणून आपल्याकडून घेतले गेले! ज्या माणसाने साठ वर्षं मला क्रिकेटचा स्कोअरसुद्धा खरा सांगितला, तो माणूस असा निघावा?

पुरावा हवा म्हणून बाबांची ट्रॅक्टरची वही काढली. चौसष्टचा ऑगस्ट ते पासष्टचा जानेवारी, अकरा नोंदी, सगळ्या एकाच साच्याच्या, आणि सगळ्यांत पेख, म्हणजे दाजींचं घर. 'कप्पी फुटली. पेखांकडे नेली.' 'झाकण तडकलं. पेखांकडे नेलं.' (मी तेव्हा वसतिगृहाच्या शाळेत, त्यामुळे माझ्यावर कुणी बोट दाखवू शकत नाही.) विशेष म्हणजे सगळ्या नोंदी तुझ्या अक्षरात आहेत. तू विसाची होतीस, भोळी होतीस, दाजींनी 'तडकलंय' म्हटलं की तुला खरं वाटत असणार. मी हे सगळं नोरीनला सांगितलं. ती हसायला लागली ती पीठ मळणं सोडून खुर्चीतच बसली. का हसतेस विचारलं तर म्हणे, 'वर्नाताईंनाच विचारा.' आता बायकोही त्यांच्यात सामील आहे की काय, हे मी तपासतो आहे.

असो. म्हाताऱ्या माणसाला या वयात बोल लावायचा नाही. मी मनात काही ठेवलेलं नाही. तुम्ही दोघं जपून राहा, ईस्टर आला म्हणजे आपल्याकडे थंडी सुरू झालीच.

तुझा भाऊ,
लेस्टर

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. झाकण, टाकी आणि कप्पी हे तीन भाग तुमच्या ट्रॅक्टरवरून काढायला परवानगी दे. दाजींना सांगायची गरज नाही. नट मी थोडे सैल करून ठेवले आहेत, फक्त गंजू नयेत म्हणून.

ता. क. दुसरा (गुरुवार). टपालाची गाडी यायची आहे, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. काल वहीचं मागचं पान चिकटलेलं होतं, आज वाफेवर धरून सोडवलं. त्यावर बाबांच्या अक्षरात आहे: 'फेब्रुवारी २०, १९६५. वर्नाचं अल्विनशी लग्न झालं. ट्रॅक्टरचं दुखणं आता थांबेल.' पुढे वीस वर्षांची पानं बघितली. तेल बदलल्याच्या नोंदी आहेत. बिघाडाची एकही नाही. ताई, मी साठ वर्षं मूर्ख होतो, आणखी काही लिहीत नाही. नट परत आवळले. भाग जिथे आहेत तिथेच राहू देत. पुढे ब्रॅडवेल असू दे म्हणताना बाबांच्या मनात मिरवणुकीचा मान नव्हता, तुमची जोडी होती, ते मला आत्ता कळलं. बाबांना सगळं ठाऊक होतं, पण त्या अकरा भागांबद्दल ते कधी शब्दानेही बोलले नाहीत.

ता. क. तिसरा. हे पत्र दाजींना पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. फोनसारखंच, मोठ्या आवाजात. आणि ईस्टरला त्यांना घेऊन ये, खुब्याची सबब चालणार नाही. तुमचा ट्रॅक्टर मी आणतो. डडली जाईल पुढे. त्याच्यामागे आपले दोन्ही ब्रॅडवेल जोडीने चालू देत, म्हणजे बाबांचे चोवीसच्या चोवीस भाग मिरवणुकीत असतील.

ता. क. चौथा. आत्ता किटी येऊन सांगून गेली की पंप पुन्हा बिघडला. मी जाऊन हात लावून पाहिला. ठणठणीत आहे. डडली फिंच माझा व्याही होणार, या विचाराने मला दोन मिनिटं खाली बसावं लागलं. मग बाबांची वही घेतली, त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'पंप चौथ्यांदा मोडला. किटीने फिंचांकडे नेला.' आणि पंप गाडीत चढवायला तिला हातभार लावला.