साठवण

४ मार्च
मानेजवळची गाठ कॅन्सरचीच. सोमवारपासून केमो. डॉक्टर त्याच दमात म्हणाले, मूल हवं असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवा, नंतरची खात्री नाही. बायको माझ्याकडे बघेना. लग्नाला वर्षही झालं नाही अजून.

५ मार्च
लॅबमधली खोली एवढीशी. रेक्झिनची खुर्ची, आतून कडी, बेसिनवर पाटी — नळ नीट बंद करा. अंगात ताप. बाहेर बाबा बसलेले, त्यांचा खोकला आत ऐकू येत होता! बाप दाराबाहेर असताना... जाऊ दे. झालं एकदाचं.

६ मार्च
रिपोर्ट वाईट. लॅबवाल्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आजारपणात दीडेक महिना मी आणि बायको जवळ आलो नव्हतो. त्यामुळे संख्या बरी, पण बहुतेक शुक्राणू मेलेले, उरलेले जागच्या जागी वळवळणारे. फार दिवस साठलं की जुनं आतच खराब होतं, म्हणाल्या. एरवी दोन-तीन दिवस थांबायला सांगतात, पण माझ्याकडे वेळ कुठंय? उद्याच परत या — कमी निघेल, पण ताजं असेल.
बाबांना पटलं नाही. त्यांचा जन्म बेकरीत गेला. पिठाला फुगायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांचं एकच शास्त्र. रोज रोज काढल्यावर उरणार काय, आठ-दहा दिवस दम धर, म्हणाले. मी म्हटलं, दम धरायला आधी दम लागतो, बाबा. हसले नाहीत.

७ मार्च
थोडंसंच निघालं. पण बाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं — पळत होते! सगळे नाहीत, पण बरेच. एक कुपी गोठवली. बायकोला सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाली.

९ मार्च
बॅग भरून दवाखान्यात गेलो, तर नर्स म्हणाली, तुमची तारीख पुढे ढकललीय. वडिलांचा फोन आला होता — ताप आहे, आठवडाभरानं घ्या. माझी खाट दुसऱ्याला दिलेली.
बायको आणि मी तसेच बेकरीत गेलो. बाबा पाव वळत होते. मान वर न करता म्हणाले, "एका आठवड्यानं काय बिघडतंय? नीट साठू दे. तुझं काही बरंवाईट झालं तर मागे काहीतरी नको का राहायला?"
एवढे दिवस जे कुणी तोंडातून काढलं नव्हतं ते त्यांनी काढलं. बायको म्हणाली, "मागे राहणारं काही नकोय मला. हाच हवाय."

१२ मार्च
आडवं झालं की श्वास कोंडतो. खुर्चीत बसून झोपतो. बाबा दुधाचा पेला दाराशी ठेवून जातात. ती त्यांच्याशी बोलत नाही.

१५ मार्च
आठवडाभराचं साठलेलं दिलं. पुष्कळ निघालं. पण आधीच्यापेक्षा रिपोर्ट वाईट. बाई म्हणाल्या, दिवसही जास्त झाले, तापही होता. तरी एक कुपी ठेवली. बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, चांगलं आलं. समाधानानं पाठीवर हात ठेवला त्यांनी. हाडांवरच ठेवला म्हणायचा.

१६ मार्च
केमो आजही नाही. छातीत पाणी झालंय, आधी ते काढलं. गाठ वाढलीय. बायकोनं विचारलं, आठवडा आधी सुरू झालं असतं तर? डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. बाबा उठून बाहेर गेले.

२ एप्रिल
केमो चालू आहे, पण लागू पडत नाहीये. पेन फार वेळ धरवत नाही.

९ एप्रिल
लॅबवाल्या बाई खाटेपाशी आल्या. मी गेल्यावर कुप्यांचं काय करायचं, ते मी असतानाच सांगायला हवं. बाबांनी हात जोडले. माझ्यापुढे नाही — सुनेपुढे. ती म्हणाली, "टाकून द्या."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, ती म्हणते तसं.