कापडातून गेलेली फुंकर

प्रिय अपू,

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी वैतागून मीच ठेवून देते. म्हणून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. चौथीनंतर माझ्या हातात पेन आलं ते सहीपुरतंच.

इकडे दहिसरला ठीक आहे. चाळीसमोर नवीन टॉवर चढतोय, त्याची धूळ पिठात येते म्हणून पोळ्या लाटताना खिडकी बंद ठेवते आणि घामाने भिजते. परवा शेजारची वसुधा विचारत होती, अपू अजून ते पॅराशूट उडवते का गं? मी म्हटलं, पॅराशूट नव्हे, पॅरामोटर. पॅराशूट घेऊन लोक खाली येतात, माझी पोरगी पाठीला इंजिन बांधून वर जाते. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. वाक्य तुझंच आहे. तू मला ऐकवलंस तेव्हा माझंही तोंड तसंच झालं होतं.

खरं सांगू? तुला उडताना बघायला त्या माळावर पहिल्यांदा आले, तेव्हा माझा जीव तुझ्या उडण्याने गेला नाही, तयारीने गेला. ती लांबलचक कापडी विंग गवतावर पसरलीस. एकेक दोरी बोटांतून ओढत शेवटपर्यंत गेलीस. इंजिनाचा एकेक नट हलवून बघितलास, पंख्याच्या पात्यावरून तळहात फिरवलास. मला वाटलं, झालं, आता उडेल. तर तू एक रिबन हातात धरून वारा बघत उभी! कार्यक्रमाचा आयोजक मागे लागला होता, मॅडम, पाहुणे थांबलेत, पाच मिनिटं मारून या ना. तू म्हणालीस, वर गेल्यावर वारा माझं पाच मिनिटं ऐकणार आहे का? आणि खाली बसून शेंगदाणे खायला लागलीस. मी चिडले. एवढी माणसं बघतायत, आपली काही इज्जत? तू माझ्यापुढे शेंगदाणे धरलेस.

ऊन कललं, वारा बसला. तू उठलीस आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलंस. मग विंग डोक्यावर कमानीसारखी उभी राहिली, तू थोडी धावलीस आणि तुझे पाय जमिनीवरून सुटले. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही. त्या पाहुण्यांना वर गेलेली तूच दिसलीस गं. मला सारखी ती खाली बसलेली तू दिसत होतीस. आपल्या घरात सगळ्यांना हो म्हणायची सवय. कंत्राटदाराला हो, मुकादमाला हो, सोयऱ्याला हो. तुझ्यात हा नकार कुठून आला, मला अजून कळलेलं नाही.

त्या कापडाचे लाड तर विचारू नकोस. उन्हात ठेवायचं नाही, धागा कुजतो. ओलं घडी करायचं नाही, बुरशी धरते. वाळूवरून ओढायचं नाही. मी एकदा प्रेमाने बादलीत पावडर भिजवली, म्हटलं स्वच्छ धुवून देते, तर तू बादलीच हिसकावलीस. आई, साबणाने कापडावरचा लेप जाईल! साध्या पाण्याने डाग पुसायचा आणि सावलीत वाळवायचं. मी म्हटलं, सुनेचे होणार नाहीत एवढे लाड. तू म्हणालीस, सून मला हवेत धरून ठेवत नाही. झकास बोललीस, पण तेव्हा मी हसले नाही. मुद्दाम.

आता दिवाळीचं. तो विषय आपण दोघींनी टाळलाय. तू नवी विंग घेतलीस तेव्हा जुनी राजाराममामाच्या सुबोधला देऊ, असं मीच त्याला कबूल करून बसले होते. भाचा तुझ्या मागे मागे शिकायचं म्हणतोय, घरातली वस्तू घरात राहील, एवढाच माझा हिशोब. भाऊबीजेला ते सगळे वाकोल्याहून आले. तू सुबोधला गच्चीवर नेलंस, मागून आम्ही. जुन्या विंगचं कापड त्याला ओठांना लावायला सांगितलंस, पलीकडे माझा हात धरलास आणि म्हणालीस, सुबोध, फुंक. माझ्या तळहाताला गार लागलं. मग नव्या विंगवर फुंकायला लावलंस, तर काहीच नाही. तू सगळ्यांना समजावलंस, की कापडात हवा कोंडून राहते म्हणून विंगला आकार येतो. कापड असं विरलं की वर असताना ती पुढे जायचीच थांबते आणि माणसाला घेऊन खाली बसते. एवढं बोललीस आणि कात्री काढलीस.

राजारामचा चेहरा काळाठिक्कर पडला. द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं, कापून दाखवायची काय गरज होती? तू म्हणालीस, मामा, दिली तर हा उडेल. नुसती टाकली तर दुसरा कोणी उचलून विकेल. आणि कापत राहिलीस. ते लोक फराळाला न शिवता उठले. मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले, मान खाली घालून. तुझ्या बाजूने एक शब्द काढला नाही. वर येऊन तुलाच बोलले, की आजपासून माझं माहेर तुटलं. तू गच्चीवर तुकडे गोळा करत होतीस. रडत होतीस का, ते मी बघितलं नाही.

तर काल मी वाकोल्याला गेले होते. वहिनीचा गुडघा धरलाय, भेटून येऊ म्हटलं, बोलले तर बोलले. राजाराम घरी नव्हता. सुबोध मात्र खुशीत. आत्या, तुला गंमत दाखवतो, म्हणत माळ्यावरून एक बॅग काढली. मोबाईलवर कोणाकडून तरी विंग घेतलीय. एकदम कडक कंडिशन, दोनदाच वापरलीय, म्हणे. इंजिन मित्राचं. शिकवणार कोण? व्हिडिओ. आणि रविवारी मित्रांबरोबर किनाऱ्यावर जाऊन उडणार. ताईला कळवलंस का विचारलं, तर म्हणतो, तिला कळवलं की ती कात्री घेऊन येईल.

मी ती पलंगावर उलगडली. आधी कुबट वास आला. मधला लाल रंग उडून गुलाबी पडलेला. आणि अपू, एका दोरीला गाठ होती. तुटलेली दोरी कोणीतरी गाठ मारून जोडलीय, परकराच्या नाडीला मारतात तशी. दोरी बोटभर आखूड झाली तरी विंग एका बाजूला ओढते, हे तूच मला सांगितलंयस. मी कापड ओठांना लावलं, दुसरा हात मागे धरला आणि फुंकलं. हाताला वारा लागला. सुबोध हसायला लागला. आत्या, तू काय आता पायलट झालीस? तुला काय कळतं त्यातलं? मी म्हटलं, काही कळत नाही रे बाबा. घडी घालून ठेव.

तो कामावर गेला. मी चपला घालत होते तेवढ्यात वहिनी लंगडत ती बॅग घेऊन आली. म्हणाली, वन्सं, ही तुमच्याकडे न्या. मला पोरगा हवाय, तो रुसला तर रुसू दे. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं.

हे पत्र मी त्याच बॅगेत वर ठेवतेय. आपल्या चाळीतला सहदेव टेम्पो घेऊन तुझ्याकडच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती देते. तू नीट तपास. माझी फुंकर काय, बाईमाणसाचा अंदाज, चुकलाही असेल. चांगली निघाली तर त्याला व्हिडिओ बंद करायला लाव आणि तुझ्याकडे शिकणाऱ्या बाकीच्या पोरांसारखं पहिल्यापासून शिकव. सुबोधला मी फोन करून सांगितलंय की बॅग ताईकडे गेली, हवी असेल तर तिकडे जा. मला खूप बोलला. शनिवारी तो तणतणत तुझ्या दारात उभा राहील. आधी त्याला पोटभर जेवायला घाल, उपाशी माणूस ऐकत नाही. मग त्याला बसवून दाखव. तू नको म्हणालीस तर नको. वाकोल्याला जाऊन राजारामच्या तोंडावर ते मी सांगेन, आणि या वेळी मान वर करून.

फोन उशाशी घेऊन बसलेली,
तुझीच आई