सुधारित वेळापत्रक

१४ जुलै

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं कळवायला इतके दिवस लागले, त्याबद्दल आधी कान पकडते. फोन केला असता, पण फोनवर मी रडते, तुम्ही चिडता आणि ते ऐकून खारू भोकाड पसरते. म्हणून ठरल्याप्रमाणे आपलं पत्रच बरं.

वर्गात मी सगळ्यांत थोराड. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर मुलं मला मास्तरीण समजून उभी राहिली. मी जाऊन मागच्या बाकावर बसले तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आता सगळी मला काकू म्हणतात आणि माझ्याच वहीतून उतरवून घेतात. पदवी बांधकाम व्यवस्थापनाची, पण अजून एक वीट हातात दिलेली नाही. नुसत्या कागदावर पट्ट्या आखायच्या: पाया कधी, भिंती कधी, कुठलं काम कशासाठी अडून बसणार. आमचे सर म्हणतात की कागदावर ज्याचं घर वेळेत उभं राहत नाही त्याचं जमिनीवर काय राहणार.

मला खरं तर एवढंच शिकायचंय की काम थांबवतात कसं. लिफ्टसाठी सोडलेल्या खड्ड्यावर झाकण नाही, हे त्या मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. पण तारीख गाठायची होती, म्हणून थांबा म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही आणि तुमचा भाऊ कामावर असताना त्यात पडून गेला. थांबा म्हणण्याचा हक्क ज्याला असतो, ती खुर्ची मला हवी आहे. तेवढ्यासाठी तीन वर्षांची पोर तुमच्या पदरात टाकून आले. लोक काय म्हणत असतील ते मला लिहू नका.

सोबत खारूसाठी तक्ता पाठवतेय. एक चौकोन म्हणजे एक आठवडा. दर रविवारी तिला एक रंगवू द्या. सगळे संपले की मी आलेच म्हणून समजा.

तुमची माया आहेच, जोडीला थोडा धाकही राहू द्यावा.
तुमची वहिनी

५ ऑगस्ट

चि. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तक्ता शिलाई मशीनच्या वर भिंतीला लावलाय. पहिल्याच रविवारी बाईसाहेबांनी एकाऐवजी अख्खी ओळ रंगवून टाकली. विचारलं तर म्हणाली, असं केलं की आई लवकर येईल. हुशारी तुझ्याकडची आणि लबाडी आमच्या घराण्याची.

शाळा सुरू झाल्यामुळे गणवेशांचा ढीग पडलाय. खारू खाली बसून बटणं निवडते. पांढरी एका वाटीत, निळी दुसऱ्या वाटीत आणि एखादं स्वतःच्या तोंडात. परवा एका गिऱ्हाइकाला तिने ठणकावून सांगितलं की आत्याला घाई करायची नाही, शिवण उसवते. माझंच वाक्य मला ऐकवते.

तू आमची काळजी करू नकोस. लग्न नाही, मूल नाही, आता या वयात कोणी माझ्या पायात येईल असं वाटलं नव्हतं. सारखी पायात येते म्हणून मी ओरडते, आणि शेजारी खेळायला गेली की मशीन थांबवून कानोसा घेत बसते. लोक काय म्हणतात ते लिहू नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण मी त्यांना काय म्हणाले ते ऐकायचं असेल तर कळव.

वेळेवर जेवत जा. हाडांचा सापळा होऊन आलीस तर घरात घेणार नाही.
तुझी वन्सं

२० एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

दुसरं वर्ष संपत आलं आणि हे पत्र लिहायला हात धजत नाहीये. एका विषयात मी गटांगळी खाल्ली. तुळईवर किती भार आला की ती किती वाकते, ते गणित. वाकते एवढं मला कळतं, किती ते कळत नाही. तो विषय पुन्हा द्यायचा, आणि या सुटीत साइटवर प्रशिक्षण, ते सुरूही झालंय. तिथे हजेरी भरली नाही तर पदवीच मिळत नाही. म्हणजे सुटीत येणं नाही, आणि शेवटची तारीखही लांबली.

साइटवर दिवस बरा जातो. ओलं काँक्रीट साच्यात भरून त्याचे ठोकळे पाडायचे, ते पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात घालून फोडून बघायचे. माझा पहिला ठोकळा लवकर फुटला तर सगळे हसले आणि मला मात्र रडू आलं. हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही.

सोबत खारूसाठी नवा तक्ता आहे. आमच्यात काम मागे पडलं की सुधारित वेळापत्रक काढतात, वर नवी तारीख घालतात आणि पुढे जातात. त्यावर कोणी रुसत नाही. तिला तुमच्या पद्धतीने समजवा. मागच्या वेळी मी चार दिवस आले तेव्हा तिने मला अहो-जाहो केलं होतं, ते अजून सलतंय.

रागवा, पण मनातून उतरवू नका.
तुमची वहिनी

९ मे

चि. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा सुधारित तक्ता लावला. खारूने बराच वेळ बघितला आणि विचारलं की आईचं हे कसलं काम, जे केलं तरी वाढतच जातं. तेव्हापासून ती रंगांना हात लावत नाही. मी रंगवते म्हटलं तर म्हणते, तुला हवं तर रंगव.

तुझ्यात आणि माझ्यात पडदा नको, म्हणून आणखी एक सांगते. ती मला आई म्हणायला लागली आहे. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी शिवत होते. ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा रागावले, की तुझी आई शिकायला गेली आहे, मी आत्या. पण वहिनी, पहिल्यांदा मी गप्प बसले ते बरं वाटलं म्हणून. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

तू नापास झालीस म्हणून मी रागावलेली नाही. पण लवकर ये. माझी नियत चांगली आहे तोवर ये.
तुझी वन्सं

२ डिसेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तारखा किती वेळा हलल्या ते आपल्या दोघींना ठाऊक आहे, पण अखेर पदवी हातात पडली. साडेतीन वर्षं गेली, पण काकू पास झाल्या. पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. नोकरीही लागली. तीच नोकरी, वन्सं. कामावरची सुरक्षितता माझ्याकडे. मी नाही म्हटलं तर तिथे फळीसुद्धा हलणार नाही.

साइटजवळ दोन खोल्या दिल्यात, शाळा पलीकडच्या वळणावर. खिडकीशी खारूसाठी टेबल मांडलंय. तुम्हीही या म्हणाले असते, पण तुमची गिऱ्हाइकं, तुमचं मशीन, तुमचं घर तिथे. महिनाअखेर तिला न्यायला येते. तिच्या मनाची थोडी तयारी करून ठेवा. नाही आली तर मी काय करू, या विचाराने घास उतरत नाही.

तुमचे उपकार फेडायचा आव आणत नाही.
तुमची वहिनी

४ जानेवारी

चि. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नीट पोचलात हे वाचून बरं वाटलं. मुकाट्याने आली ना तुझ्याबरोबर? तू उगाच धास्तावली होतीस. लहान मुलांचं असंच असतं, चार दिवसांत रुळेल.

तिचा लोकरी स्वेटर राहिलाय तो पाठवते. एवढ्यात मला फोन करू नका. पत्रात तिच्याबद्दल फार लिहू नकोस, गणवेशांची घाई आहे.
तुझी वन्सं

११ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

गणवेशांची घाई शाळा सुरू होताना असते, वन्सं. मला काय शिकवता?

खारू शहाण्यासारखी वागते. सांगितलं की जेवते, सांगितलं की अभ्यास करते. हट्ट नाही, रडणं नाही. माझ्यापुढे पाहुण्यासारखी बसते. महिन्यात तिने एकदाही तुमचं नाव काढलं नाही. मला आधी, खरं सांगते, आनंद झाला. परवा मी तिच्या केसांत तेल घालत होते, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी धीर करून विचारलं की आत्याची आठवण येते का. तर म्हणाली की आत्याला मी नकोय, तिला माझा कंटाळा आलाय, मी गेले की ती सुटेल. आणि मग विचारलं की तुला माझा कंटाळा कधी येणार.

तुम्ही तिला काय सांगितलंत? खरं लिहा.
तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेच सांगितलं. तू तयारी कर म्हणालीस, मी आठवडाभर गोडीने समजावलं. ती मशीनचा पाय धरून बसली आणि म्हणाली, मी जाणार नाही, तूच माझी आई. तुझी गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. तेव्हा मी म्हटलं की मला तुझा कंटाळा आलाय, ऊठ, माझं काम होत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. हात सोडला. आणि स्वतःची पिशवी स्वतः भरली.

तुझी पोर तुला मिळाली. तिने मांडीवर डोकं टेकलं ना, मग झालं तर. माझ्यावरचा तिचा राग राहू दे, त्याच रागाने ती तुझी होईल. तिला यातलं अक्षर सांगशील तर तुला माझी शपथ.

मी बरी आहे. घर फार आवरलेलं राहतं.
तुझी वन्सं

२६ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

शपथ मोडली. तुमचं पत्र मी खारूला वाचून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुमच्या खोटेपणामुळे ती माझी झालीच असती. आणखी वर्षभर थांबले असते तर पक्की झाली असती. मला ती हवी आहे, वन्सं, किती ते तुम्हाला सांगायला नको. पण आपण कोणाला नकोसे आहोत असं धरून ते पोर मोठं होणार, आणि मला ते माहीत असून मी गप्प बसणार? त्या मजल्यावर गप्प बसलेल्या माणसांना मी आजवर शिव्या घातल्या. थांबा म्हणायला शिकायला गेले होते ना मी?

ती खूप रडली. या घरात पहिल्यांदा, मोठमोठ्याने. मी जवळ घ्यायला गेले तर तिने मला ढकललं आणि तुमच्या नावाने हाका मारल्या. मग दमून माझ्याच कुशीत झोपली. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. या वेळी मी भरली.

शनिवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन येतेय. तुमच्याकडेच राहू दे. मी सुटीला येत जाईन, आणि ती म्हणेल ते नातं चालवेन. आता नवा तक्ता आखणार नाही.

एकच मागते. ती सारखी विचारतेय की आत्या दार उघडेल ना. मी हो म्हटलंय. आजवर तिला दिलेला एकही शब्द मला पाळता आला नाही, हा तेवढा तुम्ही पाळा.
तुमची वहिनी